खुलासा

'खुलासा' हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, लांब मजकुराचे थोडक्यात काढलेले सार. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, न कळलेली गोष्ट उलगडून सांगणे. संशोधकाला हे दोन्ही खुलासे एकाच वेळी करता आले पाहिजेत, असे मला वाटते. आपले काम त्याला थोडक्यात सांगता यावे आणि स्पष्टही सांगता यावे. ही गोष्ट आपोआप येत नाही, ती शिकवावी लागते.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलांचे जिल्हे. येथे संशोधक नेहमी येतात. कोणी ताडोबातील वाघांचा अभ्यास करतो, कोणी बांबूचा, कोणी हिवतापाचा. ते गावकऱ्यांना प्रश्न विचारतात आणि उत्तरे लिहून नेतात. पुढे त्यांचा जाडजूड प्रबंध तयार होतो. पण ज्या गावाने उत्तरे दिली, त्या गावाला निष्कर्ष अनेकदा कळतच नाही. प्रबंध कपाटात राहतो आणि गाव होते तेथेच राहते.

असे होऊ नये म्हणून काय करता येते, हे याच भागात दिसून आले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग 1986 पासून गडचिरोलीत काम करीत आहेत. तेथे न्यूमोनियाने पुष्कळ बालके दगावत. दोन महिन्यांहून लहान बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक असले, आणि त्याहून मोठ्या बाळाचे 50 किंवा अधिक असले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी, हे शास्त्र डॉक्टरांना ठाऊक होते. पण गावातील दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल, तर या शास्त्राचा तिला काय उपयोग?

यावर बंग दांपत्याने एक साधे साधन तयार केले. त्यात मण्यांच्या दोन ओळी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ होते. दाईने दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला, तर तो न्यूमोनिया समजायचा. मोठ्या पुस्तकातले ज्ञान अशा रीतीने दहा आकड्यांत आणि एका लाल मण्यात मावले. या साधनाची माहिती 1992 साली प्रसिद्ध झाली. त्याआधी, 1990 साली, त्यांचा एक अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. गावातील कार्यकर्त्यांना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकवलेल्या गावांत, इतर गावांच्या तुलनेत, न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू 54 टक्क्यांनी कमी आढळले.

काही विद्वान म्हणतात, "विज्ञान अवघड आहे. ते सोपे केले तर चुकीचे होते." या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. घाईने सोपे केले तर चूक होऊ शकते. पण लाल मण्याने 60 चे 55 केले नाहीत. नियम तोच राहिला, फक्त सांगण्याची रीत बदलली. जे नक्की ठाऊक नाही, तेही थोडक्यात सांगता येते. "हे आम्हांला अजून कळलेले नाही," एवढे एक वाक्य त्यासाठी पुरेसे आहे.

जगात आता याचे शिक्षण दिले जाते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 साली एक स्पर्धा सुरू केली. तीत संशोधकाने आपला प्रबंध तीन मिनिटांत समजावून सांगायचा असतो. आपल्याकडे गडचिरोली येथे 2011 साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. अशा विद्यापीठाने एक पाऊल पुढे टाकावे. पदवी देण्यापूर्वी संशोधकाला ग्रामसभेत उभे करावे. गावाला कळेल अशा भाषेत, मग ती मराठी असो, गोंडी असो किंवा माडिया, त्याने पाच मिनिटे बोलावे आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत.

ग्रामसभेतच का? कारण निर्णय तेथे होतात. मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू किती तोडावा आणि किती राखावा, हे तेथे लोक ठरवतात. बांबूचा अभ्यास त्यांना कळला नाही, तर तो कोणाच्या कामी येणार?

विद्यार्थ्यांनो, याची सुरुवात तुम्ही आजच करू शकता. विज्ञानाचा एखादा धडा वाचा आणि तो घरी दादीला पाच वाक्यांत सांगा. तिने मान डोलावली तर समजा, धडा तुम्हांला कळला. तिने प्रश्न विचारला आणि तुम्ही अडखळला, तर पुस्तक पुन्हा उघडा. ज्याला खुलासा करता येतो, त्यालाच विषय खरा समजलेला असतो.