जुगाराची पुस्तके : एक शिफारस

गेल्या वर्षी मी ग्रंथालयात जाऊन विचारले, "जुगारावर एखादे पुस्तक मिळेल का?" ग्रंथपालांनी चष्मा काढला, मला नीट न्याहाळले आणि हळूच म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना रे?" शेजारच्या टेबलावर खसखस पिकली. मी काहीतरी पुटपुटून बाहेर पडलो. पण प्रश्न मनातून जाईना. खुनाच्या रहस्यकथांचे एक अख्खे कपाट आहे, ती मागणाऱ्याच्या घरची चौकशी कोणी करत नाही. दारूच्या व्यसनावरचे गडकऱ्यांचे 'एकच प्याला' आपण वाचतो, पाहतो, त्यावर निबंध लिहितो. मग जुगारानेच आपले काय घोडे मारले आहे?

माझे मत स्पष्ट आहे. जुगारावरची चांगली पुस्तके तरुणांनी वाचली पाहिजेत, आणि एकही प्रकरण न गाळता वाचली पाहिजेत. यातला दुसरा भाग मी उशिरा शिकलो, आणि त्याची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याच कोणी मोजली. हा लेख त्यासाठीच आहे.

सकाळी मी कॉलेजात असतो आणि दुपारनंतर चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात. हजेरी मांडणे, ओव्हरटाइमचे तास लिहिणे आणि उचलीचे रजिस्टर सांभाळणे, हे माझे काम. पुणे रस्त्यावरच्या या वसाहतीत दुसऱ्या पाळीचा चहा झाला की लांबोटीच्या चिवड्याची पुडी फुटते आणि माणसे गटागटाने बसतात. पूर्वी त्या घोळक्यात पत्ते असत, आता मोबाइल असतात. बोटे मात्र तशीच हलतात.

आमच्या जिल्ह्याला हा नाद नवा नाही. सोलापूर हे गिरण्यांचे गाव, आणि मटक्याचा जन्मही कापसातलाच! न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईला येत, त्यांवर लोक पैसे लावीत. 1961 साली तो प्रकार बंद पडला. पण नाद कसला बंद पडतो? 1962 साली कल्याणजी भगत यांनी आणि 1964 साली रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. चिठ्ठ्या मडक्यातून काढायच्या म्हणून नाव मटका. पुढे मडके गेले आणि पत्ते आले. तीन पानांची बेरीज करायची, तिचा शेवटचा आकडा तो 'ओपन'. पुन्हा तीन पाने, तो 'क्लोज'. कापसाचा संबंध संपला, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे बाजाराचे शब्द मात्र चिकटून राहिले.

आता पुस्तकांकडे वळतो. या विषयावरचे सर्वांत जुने लेखन आपल्याच घरात आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त एका जुगाऱ्याचे आहे. बायको दुरावली आहे, आईबाप आणि भाऊ 'हा आमचा नव्हे' म्हणून हात झटकतात, तो रोज न खेळण्याचा निश्चय करतो आणि फाशांचा आवाज कानी पडताच पुन्हा निघतो. शेवटी त्याला सल्ला मिळतो तो पूजाअर्चेचा नव्हे, शेती करण्याचा. मराठी भाषांतरात हे प्रथम वाचले तेव्हा अंगावर काटा आला. हा माणूस आमच्या गेटवर मी पाहिला होता.

मग शूद्रकाचे 'मृच्छकटिक'. देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे चारुदत्त आणि वसंतसेना सर्वांना ठाऊक असतात. पण मला आवडतो तो दुसऱ्या अंकातला संवाहक. दहा सुवर्णमुद्रांचे देणे चुकवण्यासाठी तो एका ओस देवळात मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे त्याला ओळखतात. पण पकडत नाहीत, त्याच्यासमोर फासे टाकू लागतात. बिचाऱ्या देवाला राहवत नाही, तो आपण होऊन डावात येतो! यापेक्षा नेमके व्यसनाचे वर्णन मी वाचलेले नाही.

परंतु सर्वांत श्रेष्ठ कथा नलाची. द्यूतात सर्वस्व गमावलेला नल वेष पालटून ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला आहे. दोघे विदर्भाकडे रथातून निघाले असता ऋतुपर्ण वाटेतल्या एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नल रथ थांबवतो, मोजून पाहतो. हिशेब बरोबर निघतो. मग नल त्याला अश्वविद्या देतो आणि त्याच्याकडून 'अक्षहृदय' म्हणजे फाशांचे मर्म शिकतो. ते शिकताक्षणी त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो. झाड बेहड्याचेच का? कारण त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत. इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या उगमावर 1975 साली लिहिलेल्या ग्रंथात या कथेची आवर्जून दखल घेतली आहे. आणि ही कथा वनात कोणाला सांगितली जाते? हरून आलेल्या युधिष्ठिराला! बृहदश्व ऋषी नुसती कथा सांगून थांबत नाहीत, त्याला ती विद्याही देतात. आपल्या पूर्वजांनी जुगाऱ्याला उपदेशाबरोबर गणित दिले, हे आपण विसरलो.

पाश्चात्त्यांनी हे गणित पोकर या खेळात पुढे नेले. पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा विलायती थोरला भाऊ समजा. पाने झाकलेली, बोली वाढती, आणि पटले नाही तर 'पॅक' होण्याची मुभा. 1944 साली फॉन नॉयमान आणि मॉर्गनस्टर्न यांनी खेळांच्या सिद्धांतावर ग्रंथ लिहिला, त्यात पोकरमधील थापेचे रीतसर गणित आहे. 1976 आणि 1977 असा लागोपाठ दोनदा जगज्जेता ठरलेल्या डॉयल ब्रन्सनने 'सुपर सिस्टम' हा जाडजूड ग्रंथ काढला. अल अल्वारेझ हा इंग्रज कवी आणि समीक्षक लास वेगासला जाऊन 1981 ची स्पर्धा पाहून आला, आणि 1983 साली त्याचे 'द बिगेस्ट गेम इन टाउन' प्रसिद्ध झाले. नोटांच्या रंगीत चकत्या झाल्या की पैशाला पैसेपण कसे उरत नाही, हे त्यात वाचावे. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तर ते जरूर मिळवावे.

माझ्या हाती पदपथावर लागले ते डेव्हिड स्क्लान्स्की यांचे 'द थिअरी ऑफ पोकर'. समोरच्याची पाने दिसली असती तर जे केले असते, त्याहून वेगळे केले की तोटा आणि तसेच केले की फायदा, हा त्यांचा मूळ सिद्धांत. मी त्या पुस्तकाने झपाटून गेलो. टाइम ऑफिसातही ते माझ्या ड्रॉवरमध्ये असे.

"काय वाचायलाव, मास्तर?" एक दिवस पॅकिंगमधल्या मामांनी विचारले. मी कॉलेजात जातो म्हणून ते मला मास्तर म्हणत. वयाने माझ्या वडिलांएवढे. मला शिष्य मिळाला! कोणती पाने किती वेळा येतात, केव्हा पॅक व्हावे, समोरचा थाप मारतो हे कसे ओळखावे, सारे मी त्यांना समजावून दिले. शनिवारच्या तीन पत्तीत मामा जिंकू लागले. मला गुरुदक्षिणा म्हणून भजी येऊ लागली. खोटे कशाला बोलू, मी फुशारून गेलो होतो.

मग मामा मोबाइलवरच्या रमीकडे वळले. मला धोका दिसला नाही. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटले आहे, हे मीच त्यांना ऐटीत सांगितले. एका महिन्यात उचलीच्या रजिस्टरात त्यांचे नाव तीनदा आले. तिन्ही वेळा अक्षर माझेच होते.

नंतर एका संध्याकाळी मामी डबा घेऊन खिडकीशी आल्या. डबा आत सरकवून त्यांनी विचारले, "बाळा, यांचा पगार किती पडला ह्या महिन्यात?" रजिस्टर माझ्यापुढे उघडेच होते. मी हाताने पान झाकले आणि म्हणालो, "साहेबांना विचारून सांगतो." त्यांनी मान हलवली आणि त्या गेल्या. पोकरमधली थाप मी पुस्तकात वाचली होती. प्रत्यक्षात प्रथम मारली ती त्या माऊलीपुढे.

त्या रात्री मी स्क्लान्स्कींचे गाळलेले प्रकरण उघडले. अपेक्षित मूल्यावरचे ते प्रकरण रटाळ आकडेमोड म्हणून मी ओलांडले होते. दुसऱ्या दिवशी उचलीच्या एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर मामांना हिशेब मांडून दाखवला. मटक्याचा एक आकडा दहात एकदा लागतो, आणि रुपयाला नऊ मिळतात. म्हणजे शंभर रुपये लावले की सरासरीने नव्वद परत. ते पुन्हा लावले की एक्याऐंशी, मग त्र्याहत्तर, सहासष्ट, एकोणसाठ, त्रेपन्न; सातव्या फेरीला अठ्ठेचाळीस. निम्मे गेले, आणि कोणी फसवलेही नाही! मोबाइलवरच्या टेबलाचेही तेच. तिथेही प्रत्येक डावातून टेबल चालवणारा आपला वाटा काढतो, आणि जो त्या वाट्याहून जास्त सरस नाही तो कौशल्य असूनही हरतो. मामा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलाव, मास्तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मामांच्या मोबाइलवरचा खेळ बंद पडला, मला हायसे वाटले. पंधरा दिवसांनी त्यांच्या खिशातून तंबाखूच्या पुडीबरोबर आकड्याची चिठ्ठी पडली. कायदा हवाच, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा 1887 पासून आहे, आणि मटका त्याच्या छायेतच वाढला.

कोणी म्हणेल, मग पुस्तकांनी तरी काय होणार? दस्तयेव्स्कीने 1866 साली 'जुगारी' ही कादंबरी सव्वीस दिवसांत सांगून लिहून घेतली, कारण मुदत चुकली असती तर आपल्या लेखनावरचे हक्कच प्रकाशकाच्या घशात गेले असते. जुगाऱ्याचे मन त्याच्याइतके कोणाला कळले असेल? तरीही तो पुढे 1871 पर्यंत रुलेटच्या टेबलावर हरत राहिला. हा आक्षेप मला मान्य आहे. नुसते मन कळून भागत नाही, तसेच नुसते गणित कळूनही भागत नाही. मी मामांना गणिताचा सोयीचा तुकडा दिला आणि त्याला विद्या म्हटले. नलाने अख्खे झाड मोजले होते. पुढे तो भावाशी पुन्हा खेळला, एका डावात राज्य परत घेतले, हरलेल्या भावाला क्षमा केली आणि उठला. उठणे हाही त्या विद्येचाच भाग असावा.

म्हणून माझी शिफारस. ग्रंथालयात एक कप्पा जुगाराच्या पुस्तकांचा असावा. त्यात अक्षसूक्ताचे भाषांतर, 'मृच्छकटिक' आणि नलोपाख्यान यांच्या शेजारी दस्तयेव्स्की, अल्वारेझ आणि स्क्लान्स्की असावेत. कला शाखेच्या मुलांना वर्षातून चार तास तरी संभाव्यता शिकवावी. आपल्यातले कितीतरी जण उद्या एखाद्या टाइम ऑफिसात, शाळेत किंवा पतसंस्थेत खिडकीच्या आतल्या बाजूला बसणार आहेत. बाहेरून कोणी पगार विचारील तेव्हा पानावर हात ठेवण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

ग्रंथपालसाहेब, आपण त्या दिवशी विचारलेत त्याचे उत्तर : घरी ठीक आहे. पण चौकशी एका घराची करून भागणार नाही. पुस्तके मागवा.