संधी आधी, हिशेब मागाहून

अमेरिकेतील विद्यापीठांच्या राष्ट्रीय क्रीडासंघटनेने जानेवारी २०२५ मध्ये एक ठराव संमत केला. राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत महिला संघ जसजशी मजल मारतील, तसतसा त्यांच्या विद्यापीठगटांना स्पर्धेच्या निधीतून वाटा मिळावा, असा त्याचा आशय आहे. पुरुषांच्या बाबतीत ही पद्धत १९९१ पासून चालू होती. पुरुषांचे सामने पैसा आणतात, स्त्रियांचे आणीत नाहीत, हे या दिरंगाईचे नेहमीचे समर्थन. हिशेबाच्या वहीत हा युक्तिवाद निर्दोष दिसतो. इतिहासाच्या कसोटीस मात्र तो उतरत नाही.

मिसिसिपी राज्यातील क्लीव्हलंड या लहानशा गावी डेल्टा स्टेट नावाचे छोटे विद्यापीठ आहे. तेथे १९३२ साली, हा खेळ मुलींच्या प्रकृतीस झेपणारा नाही, असे ठरवून महिला संघ मोडण्यात आला. मुलींनी रडत आपले गणवेश जाळले. त्यांच्यापैकीच एक मार्गारेट वेड. शिक्षणात स्त्री-पुरुष भेदास बंदी करणारा कायदा १९७२ मध्ये झाला आणि पुढल्याच वर्षी, एक्केचाळीस वर्षांच्या खंडानंतर, त्याच वेडबाईंच्या हाती नवा संघ सोपविण्यात आला. या संघाने १९७५, १९७६ व १९७७ अशी लागोपाठ तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले! त्याच्या सामन्यांना पुरुषांच्या सामन्यांहून अधिक गर्दी लोटू लागली. पुढे दुय्यम श्रेणीत आणखी तीन विजेतेपदे आली. गेल्या शतकात या विद्यापीठाच्या महिला संघाने अशी सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. पुरुष संघास एकही लाभले नाही.

मग त्या एक्केचाळीस वर्षांत गुणांचा दुष्काळ होता काय? मुळीच नव्हे. दार बंद होते, एवढेच.

दार उघडले तरी वाट संपत नाही. या संघाची आधारस्तंभ लूसिया हॅरिस हिने १९७६ च्या मॉन्ट्रियल येथील ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलचा पहिलावहिला गुण नोंदविला. परंतु अमेरिकेतील आजची महिलांची व्यावसायिक स्पर्धा १९९७ साली सुरू झाली. तोवर तिच्या खेळाचे दिवस सरले होते व ती शाळेत शिकवू लागली होती.

२०२४ च्या महिलांच्या अंतिम सामन्यास सुमारे १ कोटी ८९ लक्ष प्रेक्षक लाभले; पुरुषांच्या सामन्यास १ कोटी ४८ लक्ष. पुढच्याच वर्षी पारडे पुन्हा पुरुषांकडे झुकले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि, लोकप्रियता ही निसर्गदत्त वस्तू नव्हे. ती खर्चाने, प्रसिद्धीने आणि सातत्याने घडते. रोपास पाणी न घालता त्याच्या फळांचा हिशेब मागणे हा व्यवहार नव्हे, अन्याय होय. आमच्या मते, नव्या निधीची खरी परीक्षा धनाढ्य विद्यापीठांत नाही. डेल्टा स्टेटसारख्या लहान संस्थांच्या क्रीडांगणावर काय पोहोचते, यावरच त्याचे मोल ठरेल.