अत्तराच्या कुपीतले जनावर

ईदच्या आठवडाभर आधी अत्तर आणायला भेंडीबाजारात जायचे, हा आमच्या घरचा जुना रिवाज. यंदा दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांना आम्ही सहज विचारले, "चाचा, जबाद मिळेल का?" ते हसले. "असली? बेटा, वो जमाना गया." मग त्यांनी खालच्या खणातून एक कुपी काढून पुढे ठेवली. कुपीवर नाव तेच, आत मात्र कारखान्यात तयार झालेले रसायन. वास छान होता, आम्ही घेतलीही.

घरी आल्यावर मुलांनी विचारले, असली म्हणजे काय? तिथून हा लेख सुरू झाला.

अरबीत ज्याला जबाद म्हणतात तेच मराठीत जवादी. इंग्रजांचा सिव्हेट हा शब्दही त्याच अरबी शब्दाचे पोर. कस्तुरी हरणाची, तशी जबाद एका लांबोड्या तोंडाच्या, ठिपकेदार, निशाचर जनावराची. आपण त्याला जवादी मांजर म्हणतो खरे, पण ते मांजराच्या कुळातले नव्हे. त्याचे कूळ वेगळे आणि मुंगसाच्या जवळचे. त्याच्या शेपटीखालच्या ग्रंथीत लोण्यासारखा दाट पदार्थ तयार होतो. ताजा असताना त्याचा वास सहन होत नाही, पण कणभर घेऊन दुसऱ्या सुगंधात मिसळला की तो सुगंध दिवसभर टिकतो. अबुल फज्लने आईने अकबरीत बादशहाच्या सुगंधखान्याची माहिती देताना जबादची नोंद केली आहे आणि सुमात्राहून येणारा माल सर्वांत उत्तम म्हटले आहे. ही सुमात्राची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल.

हा पदार्थ काढण्याची रीत वाचून आम्हाला बरे वाटले नाही. जनावराला वळताही येणार नाही अशा अरुंद पिंजऱ्यात ठेवायचे आणि दर काही दिवसांनी चमच्याने ग्रंथी खरवडायची. इथिओपियात हा धंदा अजून चालतो, तिथे आफ्रिकेतली मोठी जात पिंजऱ्यात असते. लिओपोल्ड रुझिच्का या शास्त्रज्ञाने 1926 मध्ये या वासामागचे रसायन नेमके कसे आहे ते शोधले. पुढे 1939 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. चाचांच्या दुकानातली कुपी त्याच वाटेने आलेली.

आता मूळ विषयाकडे येतो. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर जवादीची एक मोठी जात होती, मलबारी जवादी. राखाडी अंगावर मोठे काळे ठिपके, गळ्यावर काळे-पांढरे पट्टे, मानेपासून शेपटीपर्यंत उभ्या काळ्या केसांची रेघ. एडवर्ड ब्लाइथ यांनी 1862 मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले. जर्डन नावाच्या डॉक्टर-निसर्गतज्ज्ञाने 1867 मध्ये लिहिले की होन्नावरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या किनारपट्टीत ती आढळते. म्हणजे आपल्या कोकणाच्या अगदी दारापर्यंत. शंभर वर्षांत चित्र एवढे पालटले की 1960 च्या दशकाअखेर ती संपत आली असे मानले जाऊ लागले.

मग 1987 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात तिचा पुरावा मिळाला. 1990 मध्ये आणखी दोन कातडी हाती आली. गंमत म्हणा की दुर्दैव, ही कातडी अभयारण्यातली नव्हती. काजूच्या जुन्या बागा, ज्यांत खालचे झुडूप कोणी साफ करीत नव्हते, तिथे हे जनावर दडून राहिले असावे असा अंदाज निघाला. सखल भागातले मूळ रान केव्हाच गेले होते, ही मालकांच्या आळसाने वाढलेली झुडपे तेवढी उरली होती. पुढे त्याही बागा तोडून रबर आले. 2006-07 मध्ये कर्नाटक आणि केरळच्या सखल रानांत व बागांत आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले, कर्नाटकात 1,084 रात्री, केरळात 635 रात्री. मलबारी जवादीचा एकही फोटो आला नाही. आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत ती 'अतिधोक्यात' या वर्गात आहे. उरली असलीच तर प्रौढ जनावरे 250 हून कमी, असे तिथे धरले आहे. 'असलीच तर' हे शब्द आम्ही मुद्दाम घातले.

कारण 2010 मध्ये आर. नंदिनी आणि दिव्या मुडप्पा या दोन अभ्यासकांनी जुन्या सगळ्या नोंदी तपासून एक वेगळाच प्रश्न विचारला. ही जात इथली रानटी होती तरी का? रानातल्या जिवंत मलबारी जवादीचा खात्रीचा फोटो आजवर कोणाकडे नाही. दुसरीकडे ब्रह्मदेशापासून मलायापर्यंत एक मोठ्या ठिपक्यांची जवादी आढळते, ब्लाइथनेच तिलाही 1862 मध्येच नाव दिले होते, आणि ती मलबारीसारखीच हुबेहूब दिसते. जबादचा व्यापार समुद्रमार्गे चालत असे. मग पूर्वेकडून पिंजऱ्यात आणलेली, मलबारच्या किनाऱ्यावर पाळलेली आणि त्यातून सुटून रानात शिरलेली जनावरेच 'मलबारी' ठरली नसतील ना?

सिद्ध काहीच झालेले नाही. जर्डनसारखा माणूस एवढ्या लांब किनाऱ्याचे नाव घेऊन लिहितो, ते सगळे पिंजऱ्यातून पळालेल्यांवर कसे घालायचे, ही शंका आमच्या मनातून जात नाही. जुन्या कातड्यांची डीएनए तपासणी झाली तर या वादाचा निकाल लागू शकेल. पण दोन्ही बाजू मान्य केल्या तरी हिशेब आपल्याकडेच येतो. ती इथली असेल, तर तिचे रान आपण नारळ, काजू आणि रबराखाली घातले. ती बाहेरची असेल, तर तिला अत्तरासाठी समुद्रापार आणले आणि नकली स्वस्त मिळू लागल्यावर विसरून गेलो.

हे लिहिताना आम्हाला आजोळची एक रात्र सतत आठवते. दापोलीजवळच्या गावात मामूंच्या खुराड्यातून चार कोंबड्या गेल्या होत्या. पाचव्या रात्री मामूंनी सापळा लावला. सकाळी त्यात एक जवादी मांजर होते, ही आपली लहान जात, पाठीवर रेघा आणि शेपटीवर कडी असलेली. गावातल्या पोरांनी काठ्या आणल्या. आम्ही तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, आम्हीही बघायला उभे होतो, कोणी थांबवले नाही. मारल्यानंतर अंगणभर तो वास सुटला. नानींनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "याचंच अत्तर लावायचे तुमचे नाना."

ही लहान जात आज 'अतिधोक्यात' नाही, यादीत तिची काळजी फारशी केलेली नाही. कोकणात ती गडग्याच्या भोकात, बागेच्या झुडपात राहते, उंदीर, किडे आणि पडलेली फळे खाते, आणि कोंबडीही सोडत नाही, ते खोटे नाही. पण तिला लागते तेच झुडूप, जे मलप्पुरममध्ये गेले. दोडामार्ग भागात रान तोडून रबर लागले आहे. बाकी ठिकाणी बागायतदार आता सर्रास ग्रासकटर फिरवतात, बागेचा कोपरानकोपरा झाडून काढल्यासारखा दिसतो. आमच्या मामेभावाची बागही तशीच आहे. यंदा त्याला म्हटले, गडग्याकडेची दोन-तीन हात पट्टी राहू दे. तो म्हणाला, साप होतील. वाद अजून चालू आहे.

खुराड्याचे मात्र सोपे आहे. बारीक जाळी, खाली दगडी फरशी आणि संध्याकाळी दार आठवणीने लावणे, एवढ्याने कोंबड्या वाचतात. जनावर घरात किंवा विहिरीत सापडले तर महाराष्ट्र वन विभागाचा 1926 हा नंबर आहे. मामूंच्या खुराड्याला आता जाळी आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या बाहेर चिखलात छोट्या पंजांचे ठसे उमटले होते. मामूंनी ते आम्हाला मुद्दाम बोलावून दाखवले.