सांड्याचा अपराध कोणता?

थरचे वाळवंट आणि कच्छचे रखरखीत माळ ही सांड्याची भूमी. काटेरी शेपटीचा हा सरडा प्रामुख्याने पाने, फुले व गवत यांवर जगतो. कोणाच्या वाटेस जात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला कवच आहे. तरीही बिळातून खणून काढून त्याची हत्या होते आणि त्याच्या चरबीचे तेल पौरुषवर्धक म्हणून पदपथांवर विकले जाते. वस्तुतः त्या तेलात चरबीखेरीज काही नाही. आयुर्वेदाच्या नावाने चालणारी ही भोंदूगिरी म्हणजे त्या महान शास्त्राचीच विटंबना होय.

दुसरे संकट अधिक शिष्टसंमत आहे. सारा न देणारी जमीन इंग्रजांनी ‘पडीक’ ठरवली. स्वातंत्र्यानंतरही तो शिक्का पुसला गेला नाही. कालवे, शेती आणि परदेशातून आलेली वेडी बाभूळ यांनी सांड्याचे माळ गिळले.

१७३० मध्ये मारवाडातील खेजडली येथे ३६३ बिष्णोईंनी खेजडीच्या वृक्षांसाठी प्राण दिले. मरुभूमीतले झाडही त्यांना प्राणाहून मोलाचे वाटले. त्यांचा अभिमान मिरवणाऱ्या समाजाने निदान ते तेल नाकारावे आणि विक्रेत्याची वर्दी वन खात्यास द्यावी. अभिमानाची कसोटी आचरणातच लागते.