चुकलं की लगेच सांगा

या आठवड्यात अलिबागच्या इस्रायल आळीतून जाताना मागेन अबोथ सिनेगॉगपाशी जरा थांबले, आणि तेव्हापासून डोक्यात घोळतेय शनिवार सकाळी तोराह हा ज्यूंचा धर्मग्रंथ वाचण्याची रीत. तोराहचे 54 भाग. दर आठवड्याचा भाग चर्मपत्राच्या गुंडाळीतून चालीवर वाचायचा, आणि शेवटचा भाग संपला की त्याच दिवशी विश्वाच्या उत्पत्तीपासून पुन्हा आरंभ. गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, विरामचिन्हंही नाहीत. काना-मात्रा-वेलांटीवाचून पोथी वाचायची म्हणा ना! म्हणून वाचणारा घरून तयारी करून येतो. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. अर्थ बदलेल अशी चूक झाली, तर ऐकणारे तिथल्या तिथे टोकतात, आणि वाचणारा मागे जाऊन तो शब्द नीट वाचतो. आपल्या पारायणांत ही रीत आलीच पाहिजे. भिडेपोटी चूक पचवणाऱ्याला मी श्रोता मानत नाही. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणाने ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं, त्या इथल्या बेने इस्रायली ज्यूंसाठी जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. त्यामुळे हा ठेवा मराठीचाही आहे. आता बहुतेक घरं इस्रायलला गेली, आणि परंपरेप्रमाणे या वाचनाला दहा प्रौढ पुरुष लागतात. तेव्हा तिकडून सुट्टीला येणाऱ्या मंडळींनी समुद्रावर पळण्याआधी शनिवारची सकाळ इथे द्यावीच, हे माझं ठाम म्हणणं.