गुलाबी अळीला जेवू कोण घालते?



'फरदड घेऊ नका' असे कृषी खाते सांगते. सल्ला खरा आहे, पण अर्धा.

गुलाबी बोंडअळी परदेशातून आलेली नाही. शास्त्रज्ञांनी १८४३ साली तिची पहिली नोंद केली ती गुजरातेतल्या भडोचच्या कपाशीवरून. हिरवी बोंडअळी, जिला आपण अमेरिकन म्हणतो (तीही अमेरिकेची नाहीच), ती तूर, हरभरा, ज्वारीचे कणीस, मिळेल ते खाते. गुलाबीचे तसे नाही. ती कपाशीवर जगते; फार तर भेंडी, अंबाडी अशा कपाशीच्या भाऊबंदांवर निभावते. ज्वारीच्या वावरात तिला खायला काही नाही. म्हणून तिची उपासमार करता येते, आणि ती औषधाच्या डब्यापेक्षा स्वस्त पडते.

बियाण्याचा भरवसा तर गेलाच. बीटी २००२ साली आली, दोन जनुकांची २००६ साली. २०१७ साली यवतमाळात अळीने दोन्हींना दाद दिली नाही. ती बोंडात शिरली की छिद्र बुजते, फवारा आत पोचत नाही. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यातले २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले.

हिवाळ्यात अळी दोन सरक्या जोडून त्यात झोपते. पावसाळ्याच्या तोंडाशी पतंग निघतो. तेव्हा पऱ्हाटीला पात्या-फुले नसली तर त्याचा वंश तिथेच खुंटतो. पण मे महिन्यातली ओलिताची लागवड त्याच्यासाठी तयार असते. अळी झोपते कुठे? फरदडीत, जिनिंगच्या आवारातल्या सरकीत, आणि आपल्याच घरामागच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात. बोट मात्र फरदडीवर, कारण ती शेतकऱ्याची! जिनिंगवाल्याला इतक्या जोराने कोण विचारतो?

फरदड कोणी हौसेने ठेवत नाही. पहिल्या वेच्याचा पैसा उसनवारीत गेला की उरल्या बोंडांवर घर चालते.

तेव्हा माझे म्हणणे असे. डिसेंबरअखेर उलंगवाडी, तीही साऱ्या गावाची एकदम; पतंग धुरा ओळखत नाही. रिकाम्या वावरात पुढच्या साली ज्वारी यायची तर तिची हमीभावाने खरेदी सरकारने करावी. जिनिंगच्या सरकीची व्यवस्था उन्हाळ्याआधी लागावी आणि तिथे कामगंध सापळे सक्तीचे व्हावेत. आणि पऱ्हाटी उपटून बारीक करायचे यंत्र गावात येईस्तोवर चूल कशावर पेटवायची, हे बायकांना विचारल्याशिवाय ठराव लिहू नका.