पाटी एकच, लिहिणारे दोन

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रोग्रॅममध्ये दिवसाकाठी एखाद-दुसऱ्या पावतीवर भलतीच वेळ छापली जायची. टेस्टिंगमध्ये मात्र सगळं आलबेल! तीन रात्री जागल्यावर चोर सापडला: लोकलटाइम. हे फंक्शन उत्तर एकाच ठरलेल्या जागी लिहितं आणि त्या जागेचा पत्ता आपल्या हातात देतं. म्हणजे घरात दुधाच्या हिशोबाची पाटी एकच. तुम्ही वाचेपर्यंत दुसऱ्याने पुसून आपलं लिहिलं, की संपलं.

वाईट याचं वाटलं की मॅन्युअल मी वाचलं होतं. पुढच्या कॉलमध्ये ही जागा पुन्हा लिहिली जाऊ शकते, असं तिथे होतं. मी म्हटलं, आपण तर लगेच कॉपी करतो, आपल्याला काय भीती? तो पुढचा कॉल दुसऱ्याच थ्रेडमधून, माझी कॉपी पुरी व्हायच्या आत येईल, हे डोक्यातच आलं नाही.

आता चित्र बदललंय. जीलिबसीच्या मॅन्युअलमध्ये २०१४ च्या २.१९ आवृत्तीपासून फंक्शनांपुढे 'एमटी-सेफ' किंवा 'एमटी-अनसेफ' असा शेरा असतो, आणि शेजारी कारणही. लिनक्सच्या मॅन पानांतही 'अ‍ॅट्रिब्यूट्स' नावाचा भाग आलाय. लोकलटाइमपुढे 'अनसेफ, रेस: टीएमबफ'. लोकलटाइम_आर मात्र सेफ, कारण तिथे पाटी ज्याची त्याने आणायची. अर्थात इतर थ्रेड एन्व्हायर्नमेंट किंवा लोकेल बदलत नसतील तरच.

काही मित्र म्हणतात, कोड उघडा आहे, वाचा की! अहो, कोड आज काय घडतं ते सांगतो. उद्याही तसंच घडेल हा शब्द मॅन्युअलनेच द्यायचा असतो. आणि तिथेच गाडं अडतं. जीलिबसीवाले स्वतःच या शेऱ्यांना 'प्राथमिक' म्हणतात: आजचा कोड तपासून लिहिलंय, पुढची हमी नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडतो, पण तेवढ्यावर थांबू नये. अमुक शेरा म्हणजे वचन की नुसतं निरीक्षण, हे वाचणाऱ्याला कळायलाच हवं.

असो. तुम्ही ओपन सोर्समध्ये काही लिहीत असाल तर प्रत्येक फंक्शनखाली ही एक ओळ लिहाच. माहीत नसेल तर 'तपासलेलं नाही' असं लिहा, त्यात कमीपणा नाही. जागा रिकामी दिसली की वाचणारा ती आपल्या सोयीने 'सेफ' अशी वाचतो. मीही तसाच वाचणारा होतो.